मन्सूर पेंटरचा महाल

आमच्या गावात मन्सूरभाऊंना कोणी आडनावानं ओळखत नाही. पेंटर म्हटलं की झालं. बसमधून नवा माणूस उतरला आणि पेंटरचं घर कुठं म्हणून विचारलं, तर लहान लेकरूही मशिदीमागच्या गल्लीकडं बोट दाखवतं. मी त्याच गल्लीच्या तोंडाशी राहते. अंगणवाडीत जाता-येता त्यांच्या छपरीपुढूनच माझी वाट. त्या छपरीत आढ्याला दोर बांधून पाच लांबलचक गुंडाळ्या आडव्या टांगलेल्या असायच्या, वरून ताडपत्री. ते नाटकाचे पडदे. एका गुंडाळीत महाल, एकीत जंगल, एकीत रस्ता, एकीत गरिबाची झोपडी आणि एकीत देऊळ.

आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यातलं, पोडशाच्या पुलाच्या वाटेवरचं. पुलापलीकडं तेलंगणा लागतो. दिवाळी झाली, धान घरात आलं, की आमच्या झाडीपट्टीत नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत आणि त्याच्याही पुढं चालतात. नाटक म्हणजे रात्री जेवून बसायचं आणि उजाडल्यावर उठायचं. शहरातल्या माणसाला हे सांगून पटत नाही. गावात नाटक ठरलं की लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, घरोघरी पंगती उठतात. लग्नाची मुलगी असली तर तिला त्या दिवशी मुद्दाम चांगलं लुगडं नेसवून पाण्याला धाडतात, कारण पाहुण्यांत कोणीतरी तिला पाहायला आलेलं असतं. आमच्याकडची कितीतरी लग्नं नाटकाच्या मांडवातच ठरली आहेत. माझ्या नणंदेचंही तसंच ठरलं.

नाटक कंपन्या गडचिरोलीकडच्या, वडशाच्या. त्यातल्या प्रफुलच्या कंपनीबरोबर मन्सूरभाऊ जायचे. स्टेज कंपनीचं, दिवे कंपनीचे, माइक कंपनीचा, पण पडदे मन्सूरभाऊंचे. हंगाम लागला की कंपनीची गाडी गल्लीत यायची, गुंडाळ्या चढायच्या, आणि मन्सूरभाऊ गळ्याला मफलर बांधून त्यांच्यावर नाही, त्यांच्या बाजूला बसायचे. पडद्यावर बसायचं नाही, पडदा ओलांडायचा नाही, हा त्यांचा कायदा. एकदा एक मोठा नट पाय पसरून जंगलावर बसला, तर त्यालाही त्यांनी उठवलं होतं.

तरुणपणी ते चंद्रपुरात एका बोर्ड पेंटरजवळ शिकले. मग स्वतःच्या हातानं एकेक पडदा केला. मांजरपाटाचे पट्टे शिवायचे, त्याला सरस आणि खडूचा हात द्यायचा, वाळवायचा, मग डिस्टेंपरनं रंगवायचा. कपडे शिवल्यासारखे ते पट्टे त्यांच्या बायको, खुर्शीदाभाभी शिवून देत. जंगलाचा पडदा पहिल्यांदा केला तेव्हा मन्सूरभाऊंनी तो एका कॅलेंडरवरून काढला, सुईसारखी उंच उंच झाडं. पडदा उघडला तसा पब्लिकमधून आवाज आला, "हे कुठचं जंगल होय गा पेंटर? काश्मीरचं का?" सगळा मांडव हसला. दुसऱ्या वर्षी त्याच कपड्यावर मोहाची झाडं आली, खाली टोपली घेऊन मोहफुलं वेचणारी बाईसुद्धा. मग कोणी काही बोललं नाही.

देवळाच्या पडद्याची गोष्ट वेगळी. नाटक सुरू व्हायच्या आधी त्याच पडद्यापुढं नारळ फुटायचा, सगळे नट त्याला हात जोडायचे. मन्सूरभाऊ तो पडदा रंगवताना चपला बाहेर काढून ठेवत, असं भाभी सांगतात. मी विचारलं तर म्हणाले, लोक हात जोडतात ना त्याच्यासमोर, मग आपण चप्पल घालून कसं उभं राहावं.

मागच्या काही वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले नसांचं आहे, वयाचं आहे. नवा पडदा काढणं बंद झालं. जुन्यावर रंगाचा पोपडा निघाला तर डाव्या हातानं उजवं मनगट धरून ते बोळ्यानं तेवढा रंग दाबत. रेघ मारायचं काम आलं की ब्रश खाली ठेवत. एका दुपारी मी छपरीत भाभीजवळ बांगड्या भरायला बसले होते. ते वर गुंडाळ्यांकडं पाहत सहज बोलून गेले, "बाई, हे पाच आहेत तोपर्यंत मी पेंटर. हे गेले तं मी नुसता म्हातारा."

त्या साली होळी होऊन गेली होती, तरी पुढच्या काही तारखा बाकी होत्या. मग एकाएकी परवानग्या बंद झाल्या. ठिकठिकाणी उभारलेले मांडव सोडले, नट जिथून आले होते तिकडं निघाले. कंपनीची गाडी भर उन्हात आली आणि पडदे छपरीत टांगून गेली. प्रफुल म्हणाला, पंधरा-वीस दिवसांची गोष्ट आहे भाऊ, मग राहिलेल्या तारखा करू. त्यालाही तेवढंच माहीत होतं. कोणालाच काही माहीत नव्हतं.

मग सगळं बंद झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आमच्या गावात करमणूक म्हणून उरला तो टीव्ही, आणि टीव्हीवर दिवसभर एकच, रोग कोणी आणला, कोणत्या जातीनं आणला. त्याचा वारा आमच्या गल्लीपर्यंत आला. खुर्शीदाभाभी घरोघर फिरून बांगड्या भरायच्या. त्यांना बाया दारातूनच म्हणायला लागल्या, पुढच्या महिन्यात या भाभी. तोंडावर कोणी वाईट बोललं नाही. पण भाभी शहाण्या, त्यांनी टोपली खुंटीला अडकवून दिली. मुलगा शहबाज बल्लारपूरला गॅरेजात कामाला, तो तिकडंच अडकला. रमजान सुरू झाला तेव्हा मशिदीत कोणी जात नव्हतं, आमच्या देवळालाही कुलूप होतं. मी घरीच दिवा लावत होते, मन्सूरभाऊ छपरीत चटई टाकून नमाज पढत होते.

आमच्या भागातली माणसं दर वर्षी तेलंगणात मिरची तोडायला जातात. त्या साली ती तिकडंच अडकली आणि उन्हातान्हात चालत पुलावरून परत यायला लागली. गावात घेणार कसं? गावाबाहेर शाळा आहे, तिथं त्यांना ठेवलं. जेवण पोचवणं आणि ताप आहे का विचारणं हे काम आम्हा अंगणवाडीवाल्यांकडं आलं. शाळेत एक मोठा हॉल, त्याला दारं नाहीत. बाप्ये आणि बाया एकाच छताखाली. बायांनी मधे दोरीवर लुगडी टाकली होती, पण नेसायलाच दोन लुगडी असलेल्या बाईनं किती दिवस एक दोरीवर टाकावं? आंघोळीला तर उघडी हापशी. मांडववाल्यांना विचारलं, त्यांनी कापड द्यायला साफ नाही म्हटलं. रोग लागलेलं कापड मग लग्नाला कोण नेईल?

तेव्हा आमचा कोतवाल वारलू सरळ पेंटरच्या छपरीसमोर येऊन उभा राहिला. नुसता वर गुंडाळ्यांकडं पाहत राहिला. मन्सूरभाऊ समजले. त्यांनी वारलूला उद्या ये म्हणून सांगितलं. त्या रात्री त्यांच्या घरात काय बोलणं झालं ते भाभींनी मला नंतर सांगितलं. ते म्हणत होते, ऊन लागलं तर रंग उडेल, वाऱ्यानं कापड फाटेल, मी नवा कुठून आणू. भाभी तव्यावरची भाकर उलटत म्हणाल्या, "तिथी बायाईले आडोसा नाई, अन् आपले पडदे इथी हवा खाऊन राह्यले. अल्लाले काय सांगसान?"

दुसऱ्या दिवशी पडदे निघाले. महाल हॉलच्या मधोमध आडवा लागला, एकीकडं बाया, एकीकडं बाप्ये. जंगल आणि रस्ता हापशीभोवती. झोपडी संडासाच्या वाटेवर. देऊळही हापशीकडंच लावायचं होतं, पण बायांनी हात जोडले. देवळाच्या पाठीमागं न्हाणं होणार नाही म्हणाल्या, त्यात कोणाची पाळी सुरू. मग देऊळ पुढच्या व्हरांड्यात लावलं. तिथं दुसऱ्याच दिवसापासून कोणीतरी उदबत्ती लावायला लागलं.

त्या बायांत सुगंधाबाई होती, आणि तिची सून करिष्मा. सुगंधाबाईनं महाल पाहिला आणि तिथंच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी दारात डबे मांडत होते, मला म्हणाली, "बाई, हा महाल मले माहीत आहे. याच्याच समोर माया सासऱ्यानं मले पसंत केलं. तिकडं राजा गाणं म्हणून राह्यला होता, अन् इकडं म्हातारा मले पाहून राह्यला होता."

करिष्मा म्हणाली, "तरीच. तरीच तुमी मायासंग राणीवानी वागता, आत्याबाई."

"मंग वागीन नाई तं काय. महालातली आहो मी."

"महालात आहे तं मंग वरण असं पाण्यावानी काऊन?"

वरण आमच्याकडूनच जात होतं, म्हणून मीही हसले. इतक्या दिवसांत त्या शाळेत पहिल्यांदा कोणी हसलेलं मी ऐकलं. रात्री बाया महालाच्या खांबांपाशी डोकं करून झोपत. कोणती कोणत्या खांबापाशी, यावरून भांडणंही होत.

मन्सूरभाऊ रोज संध्याकाळी, रोजा सोडायच्या आधी, शाळेच्या फाटकापर्यंत येत. आत यायची बंदीच होती. लांबूनच सांगत, वारा सुटला तर खालचा बांबू मोकळा सोडा, ताणून बांधू नका, ताणला की शिवण जाते. सुगंधाबाई आतून ओरडून सांगे, "भाऊ, काळजी नका करू, तुमचा महाल आमी लेकरावानी सांभाळून राह्यलो." आणि खरंच सांभाळत होत्या. कोणी हात पुसला तर बाकीच्या तिला बोलत. जंगलाला पाण्याचे शिंतोडे लागू नयेत म्हणून त्यांनी हापशीला विटांचा कठडा केला होता.

वैशाख संपता संपता करिष्माला ताप आला. तिच्या नाकातला नमुना चंद्रपूरला पाठवला. रिपोर्ट आला आणि तिच्यात रोग निघाला. गावानं रस्त्यावर काटे टाकले. गाडी आली, करिष्माला घेऊन गेली. ती गाडीत चढताना सासू ओरडून विचारत होती, चप्पल घेतली का वं, चप्पल घेतली का. दुसरं काय विचारावं ते तिला सुचत नव्हतं. बाकीच्यांना दुसरीकडं हलवायचं ठरलं. आणि वापरलेलं सगळं कापड, चटया, चिंध्या, जे असेल ते, तिथंच जाळून टाकायचं.

मन्सूरभाऊंना कळलं तेव्हा ते धावत आले. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. तिथं तालुक्याहून आलेला एक तरुण साहेब उभा होता, तोंडाला बांधलेलं, डोळे झोप नसल्यासारखे लाल. मन्सूरभाऊंनी लांबूनच सांगितलं की मी हे उन्हात टाकतो, महिनाभर कोणी हात लावणार नाही, म्हणाल तर कुलपात ठेवतो, किल्ली तुमच्याजवळ. साहेब नीट बोलला. म्हणाला, काका, समजतं मला, पण माझ्या हातात नाही, वरून तसं आलं आहे. माझ्या हातात नाही, हे तो दोनदा म्हणाला.

मन्सूरभाऊ आणखी बोलणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात काट्यांच्या पलीकडून, गावातल्या माणसांतून, कोणीतरी म्हणालं, "पेंटरच्या पडद्यानंच आणला असन. त्याईच्याकडूनच तं आला सगळीकडं."

कोण म्हणालं ते मला दिसलं नाही. सगळ्यांचीच तोंडं बांधलेली. मन्सूरभाऊंनी तिकडं वळूनही पाहिलं नाही. त्यांनी तोंड मिटलं, आणि बाजूच्या दगडावर जाऊन बसले. मी तिथं होते. माझ्याही तोंडून काही निघालं नाही.

शाळेच्या मागं वारलूनं गुंडाळ्या टाकल्या, रॉकेल शिंपडलं. जुनं कापड, सरस आणि खडू, उन्हानं खडखडीत झालेलं. महाल सगळ्यात शेवटी पेटला, कारण तो सगळ्यात खाली होता. खिडकीतून सुगंधाबाई पाहत होती. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "भाऊ, आमाले उघड्यावरच राहू द्याचं होतं." मन्सूरभाऊंनी मान हलवली, नाही नाही म्हणून. तिच्या बोलण्याला नाही, की समोरच्या आगीला नाही, ते मला कळलं नाही.

राहिलं देऊळ. वारलूनं ती गुंडाळी उचलली आणि थांबला. तिच्यावर उदबत्तीची राख होती, कोणीतरी हळदकुंकूही लावलं होतं. तो साहेबाकडं पाही, आमच्याकडं पाही. म्हणाला, "माया हातानं नाई होत. देव आहे याच्यात."

मन्सूरभाऊ उठले. "आण इकडं. मीच बनवला, मीच लावतो."

"तुमी?" वारलू दोन पावलं मागं सरला. "पागल झाले का भाऊ? उद्या गावात कोण काय म्हणन? मुसलमानानं देऊळ जाळलं म्हणतीन. तुमच्या घरावर येईन."

हे खरं होतं. आणि ते खरं आहे हे मन्सूरभाऊंच्या तोंडावर दिसलं. बनवताना जो हात चालला तो जाळताना चालणार नव्हता. वारलू जाळायला तयार नाही, ते जाळू शकत नाहीत, आणि ठेवायला परवानगी नाही. तिघंही त्या गुंडाळीभोवती उभे. साहेब घड्याळ पाहत होता.

शेवटी सुगंधाबाईच खिडकीतून बोलली. म्हणाली, देव कोणी जाळते का, देव शिरवतात. गणपती शिरवतो तसा शिरवून द्या.

साहेबाला शिरवणं म्हणजे काय ते सांगावं लागलं. नष्ट झालं म्हणजे झालं, म्हणून त्यानं मान हलवली. मी घरून एक नारळ आणून वारलूला दिला. वारलूनं गुंडाळी सायकलला आडवी बांधली, मन्सूरभाऊ मागून, आणि त्यांच्या मागं लांब अंतर ठेवून मी. उन्हाळ्यात आमच्या नदीला धार कुठली. पुलाखालच्या डोहात तेवढं पाणी होतं. वारलूनं काठावर नारळ फोडला, पडदा उलगडला आणि पाण्यात सोडला.

डिस्टेंपर पाण्यात टिकत नाही. आधी कळसाचा पिवळा गेला. मग भिंतीचा गेरू सुटला आणि डोहातलं पाणी लालसर झालं. मग आभाळाचा निळा. थोड्या वेळात तिथं नुसतं मांजरपाट तरंगत राहिलं, शिवणीसकट. वारलूला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "भाऊ, कापड कोरं झालं. घ्याचं का?"

मन्सूरभाऊंनी आपला उजवा हात डाव्या हातात धरून ठेवला होता. म्हणाले, "कोरं घेऊन काय करू गा वारलू?"

अजानची वेळ झाली. मशिदीतून आवाज आला, बारीक. वारलूनं खोबऱ्याचा तुकडा पुढं केला. मन्सूरभाऊंनी त्याच्यावरच रोजा सोडला.

करिष्मा बरी होऊन घरी आली. तिला पुढं काही त्रास झाला नाही. देवाची कृपा म्हणायची. रिपोर्टात रोग निघाला खरा, पण तिचा ताप उन्हाचा होता की त्या रोगाचा, हे आता कोणीच सांगू शकत नाही.

त्या दिवाळीला नाटकं लागली नाहीत. प्रफुलनं मोबाइलवर एक नाटक काढून इंटरनेटवर टाकायचं ठरवलं, पण आमच्याकडं रेंजसाठी टेकडीवर चढावं लागतं, तिथं उजाडेपर्यंत नाटक कोण बघणार? लोकांनी जुन्या नाटकांचे हलते-डुलते व्हिडिओ पाहिले, तेवढंच. कंपनीतल्या नट्यांनी भाजी विकली. प्रफुलनं कोंबड्या पाळल्या. दुसऱ्या लाटेत कंपनीचा तबलेवाला गेला. तो गेल्याचं मन्सूरभाऊंना फार उशिरा कळलं. त्यांनी त्याच्या बायकोला फोन लावला आणि भाभीच्या हातात दिला.

मधे एकदा मी पाहिलं तर छपरीच्या भिंतीवर महालाचा एक खांब काढायला घेतलेला. खाली सरळ होता, वर जाता जाता वाकडा होत गेला होता, आणि कमानीच्या आधीच सोडून दिलेला. काही दिवस तो तसाच होता. ईदला भाभींनी चुना मारला.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर परवानगी मिळाली. आधी इकडं तिकडं एखादं नाटक, मग आमच्या गावानंही ठरवलं. प्रफुल स्वतः छपरीत आला. बारीक झाला होता. मी तिथंच होते. भाऊ तुमच्याबिगर कंपनी नाही म्हणाला, पडदे मी केले आहेत, तुम्ही फक्त चला, दोर तुमच्याच हातात पाहिजे. भाभींनी मफलर काढून दिला.

नाटकाच्या दिवशी गावात लेकी आल्या होत्या. दिवस कलताना मी अंगणवाडीतून मांडवाकडं गेले, कारण मला पडदे पाहायचे होते. स्टेजवर फ्लेक्स टांगला होता. छापील, चकचकीत. आणि त्याच्यावर महाल होता. नुसता महाल नाही, मन्सूरभाऊंचा महाल. तेच खांब, तीच कमान, उजवीकडच्या झरोक्याची तीच चुकलेली उंची. मन्सूरभाऊ त्याच्यासमोर उभे होते, हात पाठीमागं.

प्रफुल आनंदानं सांगत होता. नाटक बंद व्हायच्या आधी कोणीतरी मोबाइलमध्ये व्हिडिओ काढला होता, त्यातून त्यानं चंद्रपूरला छापून घेतला. म्हणाला, "तुमचाच आहे भाऊ. दुसऱ्याचा काऊन लावू मी?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यानं मान म्हणूनच केलं होतं.

फक्त व्हिडिओत महालासमोर राजा उभा होता. छापणाऱ्या पोरानं त्याला कॉम्प्युटरवर पुसला, आणि पुसला तिथं तिसऱ्या खांबापाशी माणसाच्या उंचीचा एक डाग राहिला. खांब नाही, भिंत नाही, नुसता मळकट रंग, पाण्यात कालवल्यासारखा.

मन्सूरभाऊंनी घरी माणूस धाडून आपले रंगाचे डबे मागवले. डाव्या हातानं मनगट धरलं, बोळा रंगात बुडवला आणि डागावर दाबला. रंग क्षणभर राहिला, मग त्याचे थेंब झाले, आणि थेंब प्लास्टिकवरून घसरत खाली आले. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. लाइटवाला म्हणाला, काका ऑइल पेंट आणू का? ते नको म्हणाले, दिव्यात तेवढंच चमकेल. मग त्यांनी मफलर काढला आणि खाली आलेले ओघळ पुसून घेतले, पार कोरडं होईपर्यंत.

"राहू द्या भाऊ," प्रफुल म्हणाला. "रात्री नाई दिसत. मी राजाले सांगतो, तिथंच उभा राह्य म्हणून."

मी घरी जाऊन दिवा लावला, जेवण आटोपलं आणि बायांत येऊन बसले. सुगंधाबाई आणि करिष्माही आल्या होत्या. करिष्माच्या मांडीवर तान्हं होतं. विंगेतून मन्सूरभाऊंचा हात दिसत होता, दोरावर. पडदा सरकला. महाल पाहून बायांनी टाळ्या वाजवल्या. सुगंधाबाईनंही वाजवल्या, म्हणाली, बघ वं करिष्मा, जळला नाई, आहे महाल.

राजा आला आणि तिसऱ्या खांबापाशी उभा राहिला. राणी रडली, तो तिथंच. प्रधानानं तलवार उपसली, तो तिथंच. गाणंही त्यानं तिथूनच म्हटलं, हात तेवढे हलवत.

सुगंधाबाईनं मला कोपर मारलं. "बाई, हा राजा जाग्यावरून काऊन हालत नाई?"

मी विंगेतल्या त्या हाताकडं पाहत होते. म्हटलं, बसवलंच तसं आहे बाई.